एसएन५० ने नक्की कोणाला अडवलं?

गेल्या वर्षी आमच्या विभागात पोस्टर सेशन झालं. माझ्या पोस्टरवर मधोमध एक बार ग्राफ होता. डावीकडे उंच बार, उजवीकडे बुटका. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: टी-पेशींमधलं इंटरल्युकिन-२ एनएफ-कॅपा-बी या प्रथिनामुळे वाढतं. या एका ओळीमागे माझे सातेक महिने होते, त्यामुळे ती ओळ मला फार आवडायची.

दुसऱ्या लॅबमधली एक सिनियर चहाचा कप घेऊन आली. तिने ग्राफ पाहिला, खालची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "एसएन५० वापरलंयस ना? मग एनएफएटी केंद्रकात गेलं होतं का, ते पाहिलंस?"

मी म्हणाले, "नाही, पण म्युटंट कंट्रोल लावलाय ना."

"तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो गं," ती म्हणाली आणि पुढच्या पोस्टरकडे गेली.

मी तिथेच उभी. दिवसभर लोक येत राहिले, मी तीच ओळ समजावून सांगत राहिले, पण आता सांगताना माझाच आवाज थोडा खाली येत होता. आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. एसएन५० म्हणजे काय, ते काय करतं, आणि आपण एखादी गोष्ट अडवली की नक्की कोणाकोणाला अडवतो, एवढंच यात आहे. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलेल्यांनाही कळावं असा प्रयत्न करते.

आधी एनएफ-कॅपा-बी

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. कुठलं जनुक कधी वाचायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारचं जनुक चालू किंवा बंद करतात. यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. एनएफ-कॅपा-बी हा त्यातला एक, आणि रोगप्रतिकारशक्तीच्या बाबतीत फार मोठा माणूस.

१९८६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो शोधला. सेन तेव्हा बाल्टिमोर यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक होते. ते दोघे बी-पेशींमध्ये प्रतिपिंडाच्या कॅपा साखळीचं जनुक कसं चालू होतं ते पाहत होते. त्या जनुकाच्या एका नियंत्रक तुकड्याला बी-पेशींच्या केंद्रकातलं एक प्रथिन चिकटत होतं. नाव पडलं त्यावरूनच: केंद्रकातला, कॅपा साखळीशी संबंधित, बी-पेशींमधला घटक. त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात मात्र कथा बदलली. जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस दिलं की ज्या पेशींमध्ये हा घटक आधी दिसत नव्हता त्यांच्यातही तो दिसू लागला. आणि गंमत म्हणजे, पेशीतली नव्या प्रथिनांची निर्मिती औषधाने बंद ठेवली तरी दिसला. याचा अर्थ तो नव्याने तयार होत नव्हता. तो आधीपासून तयार होता, कुठेतरी बांधून ठेवलेला होता.

कोणी बांधला होता ते १९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं. पेशीद्रव्यात आय-कॅपा-बी नावाचं प्रथिन त्याला धरून बसलेलं असतं. पेशीला धोक्याचा संदेश मिळाला, म्हणजे जिवाणू, विषाणू किंवा टीएनएफसारखा दाहाचा रेणू आला, की आयकेके नावाचं एन्झाइम आय-कॅपा-बीवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. तो शिक्का बसला की आय-कॅपा-बी पेशीच्या भंगारयंत्रात, म्हणजे प्रोटिअसोममध्ये जातं. एनएफ-कॅपा-बी सुटतो, केंद्रकात शिरतो आणि शेकडो जनुकं हलवतो. हे सगळं काही मिनिटांत. पेशीला नवीन प्रथिन बनवण्यात वेळ घालवायचा नसतो, कारण जिवाणू काही आपल्या सोयीने थांबत नाहीत.

आता एक तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल. एनएफ-कॅपा-बी हे एकाच प्रथिनाचं नाव नाही. आपल्या शरीरात या कुटुंबात पाच सदस्य आहेत आणि ते जोडीने फिरतात. सगळ्यात नेहमीची जोडी पी५० आणि पी६५ यांची. आकडे त्यांच्या वजनाचे, किलोडाल्टनमध्ये. म्हणजे जोडी साधारण ११५ किलोडाल्टनची झाली.

केंद्रकाचं दार

केंद्रकाला दुपदरी आवरण असतं आणि त्यात काही हजार छिद्रं असतात. लहान रेणू त्यातून आपले आपण ये-जा करतात. पण साधारण ४० किलोडाल्टनच्या पुढचं प्रथिन असेल तर त्याला स्वतःहून शिरता येत नाही. ११५ किलोडाल्टनच्या जोडीला तर नाहीच. त्याला कोणीतरी घेऊन जावं लागतं.

घेऊन जाणाऱ्या प्रथिनांना इम्पोर्टिन म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत दोघं मिळून काम करतात. इम्पोर्टिन-अल्फा प्रवाशाला ओळखतं आणि धरतं, इम्पोर्टिन-बीटा त्या दोघांना छिद्रातून पार नेतं. आत पोहोचल्यावर रॅन नावाचं छोटं प्रथिन ही मोळी सोडवतं आणि इम्पोर्टिन पुढच्या फेरीसाठी बाहेर येतात.

इम्पोर्टिन-अल्फा प्रवाशाला ओळखतं कशावरून? प्रवाशाच्या अंगावर अमिनो आम्लांची एक छोटी ओळ असते, तिच्यावरून. तिला केंद्रकाचा पत्ता म्हणू. या पत्त्यात लायसिन आणि आर्जिनिन ही धन प्रभाराची अमिनो आम्लं जवळजवळ असतात. आय-कॅपा-बी जेव्हा एनएफ-कॅपा-बीला धरून बसतं तेव्हा हा पत्ता झाकला जातो. आय-कॅपा-बी नष्ट झालं की पत्ता उघडा पडतो.

आमच्या गावाहून तालुक्याला जायला वडाप असते. ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी: वडाप म्हणजे शेअर जीप, भरली की सुटते. इम्पोर्टिन-अल्फा ही वडाप समजा आणि केंद्रक म्हणजे तालुका. ज्याच्या हातात तालुक्याची चिठ्ठी तो बसणार. हे चित्र डोक्यात असू द्या, लेखभर वापरणार आहे.

एसएन५० ची बनावट

आता समजा तुम्हाला तपासायचंय की पेशीत घडणारी एखादी गोष्ट एनएफ-कॅपा-बीमुळे घडते का. सरळ उपाय म्हणजे त्याला केंद्रकात जाऊ द्यायचं नाही आणि ती गोष्ट घडते का ते पाहायचं.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेसेक हॉविगर यांच्या गटाने १९९५ साली यासाठी एक पेप्टाइड प्रसिद्ध केलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, अमिनो आम्लांची आखूड माळ. एसएन५० मध्ये २६ मणी आहेत. माळेचे दोन भाग आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं.

पहिले १६ मणी पेशीच्या आत शिरण्यासाठी. अॅलनिन, ल्युसिन, व्हॅलिन, प्रोलिन अशी पाण्यापेक्षा तेलात रमणारी अमिनो आम्लं. कपोसी फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर नावाच्या प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्यातून हा भाग घेतलाय. पेशीचं आवरण चरबीचं असल्यामुळे असा तुकडा त्यातून पार होऊ शकतो. एरवी बाहेरून टाकलेलं पेप्टाइड पेशीत सहसा शिरत नाही, त्यामुळे हा भाग नसता तर बाकीचा तुकडा बाहेरच तरंगत राहिला असता.

उरलेले १० मणी म्हणजे थेट पी५० चा केंद्रकाचा पत्ता, पी५० मधल्या ३६० ते ३६९ या क्रमांकांची अमिनो आम्लं. एका अक्षराच्या संक्षेपात वाचायचं तर व्ही-क्यू-आर-के-आर-क्यू-के-एल-एम-पी. नावातलं ५० तिथूनच आलंय.

म्हणजे काम कसं होतं? पेप्टाइड पेशीत शिरतं. त्याच्याकडे प्रवासी नाही, नुसती चिठ्ठी आहे. पण वडापवाला चिठ्ठीच बघतो. अशा नुसत्या चिठ्ठीवाल्यांची एवढी गर्दी केली की सगळ्या सीटा भरल्या, तर खरा एनएफ-कॅपा-बी स्टँडवरच राहतो.

गर्दी किती? एसएन५० चं वजन साधारण २,८०० डाल्टन. प्रयोगात ते दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत वापरतात, म्हणजे सुमारे १८ मायक्रोमोलर. मी एका मिलिलिटरमध्ये १० लाख पेशी ठेवते. हिशेब केला तर एका पेशीमागे पेप्टाइडचे साधारण एक हजार कोटी रेणू येतात. सगळे आत जात नाहीत. पण पेशीत एखाद्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे रेणू काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असतात, हे पाहिलं की ही केवढी झुंबड आहे ते कळतं.

१९९५ च्या त्या निबंधात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी आणि मोनोसाइट या प्रकारच्या पेशी वापरल्या होत्या. पेप्टाइडचं प्रमाण वाढवलं तसं केंद्रकात पोहोचणारं एनएफ-कॅपा-बी कमी होत गेलं. साधन चांगलं होतं, वापरायला सोपं होतं. जनुक खोडायची गरज नाही, विषाणू वापरून काही घुसवायची गरज नाही. कुपीतली पांढरी पावडर विरघळवा, पेशींवर टाका, थोडा वेळ थांबा, मग उद्दीपन द्या. माझ्यासारख्या घाईतल्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

कंट्रोल कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो

या पेप्टाइडसोबत त्याचा जुळा भाऊही विकत मिळतो, एसएन५०एम. २६ पैकी २४ मणी तेच. पत्त्यातला एक लायसिन बदलून अॅस्परजिन घातलंय आणि शेजारचा आर्जिनिन बदलून ग्लायसिन. धन प्रभार गेला, पत्ता वाचता येईना. हा माझा म्युटंट कंट्रोल.

माझ्या प्रयोगात जुरकॅट पेशी होत्या, म्हणजे माणसाच्या टी-पेशींच्या रक्तकर्करोगातून आलेल्या आणि लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या पेशी. त्यांना पीएमए आणि आयोनोमायसिन देऊन जागं केलं. जाग्या झालेल्या पेशी इंटरल्युकिन-२ बनवतात, तो टी-पेशींना वाढायला सांगणारा संदेश. एसएन५० आधी दिलं तर इंटरल्युकिन-२ घटलं. एसएन५०एम दिलं तर फारसं घटलं नाही. आणि एसएन५० दिलेल्या पेशींमध्ये पी६५ केंद्रकाबाहेर राहिलेलंही दिसलं. तीनही गोष्टी जुळल्या. मी ती ठळक ओळ लिहिली.

आता त्या म्युटंटने नक्की काय सिद्ध केलं ते शांतपणे पाहू. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, चरबीत शिरणाऱ्या तुकड्यामुळे पेशी आजारी पडून इंटरल्युकिन-२ घटलं असं नाही, कारण तो तुकडा दोघांत सारखाच आहे. दोन, परिणाम होण्यासाठी पत्ता वाचता येण्याजोगा असावा लागतो. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि कंट्रोल नसता तर पहिली शंका कायम राहिली असती.

पण पत्ता वाचला जातो म्हणजे अडलेला प्रवासी एकटा एनएफ-कॅपा-बीच, हे त्याने कुठे सांगितलं?

वडापकडे परत येऊ. तुम्हाला आबांना तालुक्याला जाऊ द्यायचं नाही, म्हणून तुम्ही सगळ्या जीपमध्ये खोटे प्रवासी बसवले. आबा स्टँडवर राहिले. दुसऱ्या दिवशी चुकीच्या चिठ्ठीवाले खोटे प्रवासी आणले, वडापवाल्याने त्यांना घेतलं नाही, आबा तालुक्याला पोहोचले. यावरून एवढं कळलं की सीटा भरल्यामुळे आबा अडले होते. पण पहिल्या दिवशी त्याच स्टँडवर तलाठीभाऊसाहेब, दूध डेअरीचा माणूस आणि कॉलेजची पोरंही अडकली होती. त्या दिवशी तालुक्यात एखादं काम झालं नाही, तर ते आबा नव्हते म्हणून झालं नाही, असं म्हणायला तुमच्याकडे काय आधार आहे?

सिनियर म्हणाली ते हेच. म्युटंट सांगतो की अडवणूक पत्त्यामुळे झाली. कोण अडलं, हे तो सांगत नाही.

स्टँडवर आणखी कोण होतं

आणि हे काही नुसतं तर्कट नाही. १९९८ साली हॉविगर यांच्याच गटाने जर्नल ऑफ इम्युनॉलॉजीमध्ये आणखी एक निबंध प्रसिद्ध केला, टी-पेशींवर. त्यात त्यांनी दाखवलं की एसएन५० दिल्यावर एनएफ-कॅपा-बीबरोबरच एपी-१, एनएफएटी आणि स्टॅट१ यांचंही केंद्रकात जाणं अडतं. ज्यांनी साधन बनवलं त्यांनीच त्याची मर्यादा छापली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. २००१ मध्ये नेचर इम्युनॉलॉजीतही एसएन५० खरंच एनएफ-कॅपा-बीपुरतं आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला.

कारण आता सोपं वाटेल. माणसात इम्पोर्टिन-अल्फाचे सात प्रकार आहेत, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर मात्र हजाराच्या वर. गाड्या थोड्या, प्रवासी फार. गाड्या वाटून वापराव्याच लागणार. पेप्टाइड गाडीच्या सीटवर बसतं, एनएफ-कॅपा-बीच्या अंगाला ते हातही लावत नाही. मग त्या गाडीचे बाकीचे प्रवासी अडणारच.

माझ्या प्रयोगाचं दुर्दैव पुढे आहे. इंटरल्युकिन-२ च्या जनुकासमोर जी नियंत्रक जागा आहे, तिथे एनएफ-कॅपा-बी बसतो, एनएफएटी बसतो आणि एपी-१ सुद्धा बसतो. जनुक नीट चालू व्हायला हे सगळे लागतात. एकटा एनएफएटी अडवला तरी इंटरल्युकिन-२ कोसळतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन देतात, ते मुख्यतः याच वाटेने काम करतं: कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम बंद होतं, एनएफएटी केंद्रकात जात नाही, टी-पेशी इंटरल्युकिन-२ बनवत नाहीत. आणि मी पेशींना दिलेलं आयोनोमायसिन पेशीतलं कॅल्शियम वाढवतं, म्हणजे एनएफएटीला मुद्दाम हाक मारतं. ज्या जनुकाला तिघेही लागतात तेच मी मोजायला निवडलं, तिघांनाही जागं करणारं उद्दीपन दिलं, तिघांनाही अडवू शकणारं पेप्टाइड टाकलं, आणि मग नाव एकाचंच घेतलं.

सेशननंतरच्या आठवड्यात मी तोच प्रयोग परत लावला. यावेळी पी६५ बरोबर एनएफएटीसाठीही अँटिबॉडी वापरली. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली एसएन५० दिलेल्या पेशी पाहिल्या. पी६५ बाहेर होतं. एनएफएटीही बऱ्याच पेशींत बाहेरच होतं. मी तो फोटो सेव्ह केला, फाइलला तारीख दिली आणि कँटीनला जाऊन दोन वडापाव खाल्ले.

हाच दोष कुठे उपयोगी पडतो

इथे कोणी म्हणेल, मग हे पेप्टाइड टाकाऊच. तसं अजिबात नाही. प्रश्न बदलला की त्याच गोष्टीची किंमत बदलते.

सेप्टिक शॉकसारख्या स्थितीत शरीराचा दाह हाताबाहेर जातो. टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा, असे कितीतरी रेणू एकदम रक्तात उसळतात आणि जंतूंइतकंच किंवा त्याहून जास्त नुकसान हा उसळलेला दाह करतो. ही उसळी एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं काम नसते, चार-पाच जण मिळून ती आणतात. तिथे एकेकाला वेगळं अडवत बसण्यापेक्षा थोड्या वेळासाठी स्टँडच बंद ठेवलेला बरा. हॉविगर यांच्या गटाने २००० साली उंदरांवर हे करून पाहिलं. एलपीएसची घातक मात्रा दिलेल्या उंदरांना एसएन५० च्या घराण्यातली पेप्टाइडं दिल्यावर रक्तातले दाहाचे रेणू कमी झाले आणि जास्त उंदीर वाचले. पुढे त्यांनी माळेचं कडं केलेल्या, म्हणजे चक्राकार रूपावर बरंच काम केलं.

म्हणजे औषध शोधणाऱ्याला जो गुण वाटतो, तोच कारण शोधणाऱ्याला दोष वाटतो. औषधवाल्याचा प्रश्न असतो, रुग्ण वाचतो का. माझा प्रश्न होता, हे काम कोणाचं. पेप्टाइड तेच होतं, त्याच्याकडून झेपणार नाही असं उत्तर मी मागितलं.

आणि यात खरं नुकसान काय होऊ शकतं तेही सांगते. समजा माझी ओळ तशीच छापली गेली. पुढचा कोणी ती वाचून एनएफ-कॅपा-बीची वाट अडवणारं औषध या कामासाठी घेऊन बसेल. त्याची दोन-तीन वर्षं, प्राण्यांवरचे प्रयोग, पैसे खर्च होतील. उत्तर येणार नाही आणि का आलं नाही हेही त्याला कळणार नाही, कारण चूक त्याच्या लॅबमध्ये नसेलच. ती माझ्या एका ओळीत असेल.

मग एसएन५० वापरायचं कसं

हे पेप्टाइड वापरणाऱ्या किंवा त्यावरचे निबंध वाचणाऱ्या ज्युनियर्ससाठी मी आता जे पाळते ते सांगते.

पहिली गोष्ट, कोण अडलं ते डोळ्यांनी बघा, आणि फक्त पी६५ बघू नका. तुमच्या पेशीत, तुमच्या उद्दीपनाने आणखी कोण केंद्रकात जातं त्याची यादी करा आणि त्यांनाही तपासा. टी-पेशी असतील तर एनएफएटी आणि एपी-१, इंटरफेरॉन दिलं असेल तर स्टॅट१.

दुसरी, वाट वेगळ्या ठिकाणी अडवा. एसएन५० अगदी शेवटच्या टप्प्यावर, दारापाशी अडवतं. त्याच्या बऱ्याच आधी, आयकेके एन्झाइमपाशी अडवणारंही एक पेप्टाइड आहे, एनबीडी. शंकर घोष यांच्या गटाने ते २००० साली सायन्समध्ये प्रसिद्ध केलं. आयकेके हा एकटा नसतो, त्याला निमो नावाच्या जोडीदार प्रथिनाला धरून राहावं लागतं. एनबीडी पेप्टाइड त्या पकडीत शिरून ती सोडवतं. तिसरी वाट म्हणजे आय-कॅपा-बीचाच बदललेला अवतार पेशीत घालणं, ज्यात फॉस्फेटचा शिक्का बसायच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरिनच्या जागी अॅलनिन असतं. शिक्का बसत नाही, म्हणून ते भंगारात जात नाही आणि एनएफ-कॅपा-बीला सोडतही नाही. या दोन्ही वाटा इम्पोर्टिनला हात लावत नाहीत. त्यांच्याही आपापल्या त्रुटी आहेत, पण त्या एसएन५० च्या त्रुटींपेक्षा वेगळ्या आहेत, आणि मुद्दा तोच आहे. वेगवेगळ्या कारणांनी चुकू शकणारी तीन साधनं एकच उत्तर देत असतील, तर त्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीनदा एसएन५० च वापरून तेच उत्तर आलं तर फक्त एवढं कळतं की तुमचा हात स्थिर आहे.

तिसरी, आय-कॅपा-बीवर वेळेप्रमाणे लक्ष ठेवा. एसएन५० दारापाशी अडवतं, म्हणजे त्याआधीचं सगळं व्हायला हवं. उद्दीपनानंतर आय-कॅपा-बी-अल्फा नष्ट व्हायलाच पाहिजे. ते नष्टच झालं नाही, तर पेशीला संदेशच पोहोचलेला नाही, किंवा पेप्टाइड आणखी काहीतरी बिघडवतंय. आणि एक छान गोष्ट: आय-कॅपा-बी-अल्फाचं जनुक एनएफ-कॅपा-बी स्वतःच चालू करतो, स्वतःला आवरण्यासाठी. म्हणून नेहमीच्या पेशीत ते नष्ट होऊन थोड्या वेळाने परत दिसू लागतं. एसएन५० ने काम केलं असेल तर ते परत यायला अडखळलं पाहिजे. एका वेस्टर्न ब्लॉटवर पाच-सहा वेळांचे नमुने लावले की ही सगळी गोष्ट पट्ट्यांमध्ये वाचता येते.

चौथी, पेशी जिवंत आहेत का ते मोजा. मेलेली पेशीही इंटरल्युकिन-२ बनवत नाही.

पाचवी मला सगळ्यात उशिरा कळली. प्रयोग लावायच्या आधी प्रत्येक कंट्रोलपुढे वहीत एक प्रश्न लिहा, हा कंट्रोल ज्याचं उत्तर देतो तो. माझ्या वहीत एसएन५०एम पुढे फक्त "निगेटिव्ह कंट्रोल" असं लिहिलेलं होतं. तिथे "पत्ता मोडला तर परिणाम जातो का?" असं लिहिलं असतं, तर खाली आणखी एक ओळ रिकामी दिसली असती: "पत्ता शाबूत असताना आणखी कोण अडतं?"

ओळीचं पुढे काय झालं

गाईडना फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं होतं की सात महिने वाया गेले असं ऐकावं लागेल. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, एनएफएटीच्या पेशी मोजायला सांगितल्या आणि म्हणाले, "ओळ बदल. डेटा ठीक आहे."

खरंच होतं. बार ग्राफ खोटा नव्हता. उंच बार उंच होता, बुटका बुटका होता, म्युटंटनेही त्याचं काम चोख केलं होतं. चुकलं होतं ते फक्त खालचं वाक्य, कारण त्यात ग्राफने न सांगितलेली गोष्ट होती. आता थिसिसच्या मसुद्यात तिथे लिहिलंय: एसएन५० ने इम्पोर्टिनवर अवलंबून असलेली वाहतूक अडवल्यावर टी-पेशींमधलं इंटरल्युकिन-२ घटतं, आणि या वाहतुकीत एनएफ-कॅपा-बी आणि एनएफएटी दोन्ही आहेत. जुन्या ओळीपेक्षा ही लांब आहे, पोस्टरवर ठळक अक्षरांत मावणार नाही. सध्या एनबीडी आणि बदललेलं आय-कॅपा-बी अशा दोन्ही वाटांनी तेच प्रयोग चालू आहेत. दोघांपैकी कोणाचा वाटा किती, ते त्यातून कळेल. कदाचित माझी जुनी ओळ अर्धी खरीही निघेल.

त्या सिनियरला नंतर एकदा लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, "एनएफएटी पण बाहेरच होतं." ती हसली आणि म्हणाली, "माझ्याही पहिल्या पोस्टरवर असंच होतं." तिला तिच्या वेळी कोणी विचारलं होतं ते विचारायचं राहून गेलं, तेवढ्यात तिचा मजला आला.